नववी ‘ब’, इतिहासाचा तास

शाळेत शिरताना आपल्या पोराला पहिला प्रश्न विचारतो तो क्लार्क. मास्तर नंतर. नाव काय, जन्मतारीख काय, धर्म काय, जात-पोटजात काय. जनरल रजिस्टरात रकाना असतो आणि रकाना रिकामा ठेवायचा नसतो. पुढं दहा वर्षं ते पोर भूगोल शिको की बीजगणित, ‘मी कोण’ ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला न विचारता आधीच कुणीतरी शाईनं लिहून ठेवलेलं असतं. शाळा सोडताना तेच उत्तर दाखल्यावर उतरवून त्याच्या हातात देतात.

मी हे मास्तर म्हणून लिहितोय. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात एका मराठी हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. दोस्तांनो, तुम्ही शिबिरं घेता, मोर्चे काढता, चौदा एप्रिलला वह्या वाटता. चांगलं करता. पण वर्गाचं दार बंद झाल्यावर पस्तीस मिनिटांत आत काय होतं, तिकडं चळवळीचं लक्ष नाही. ही माझी तक्रार आहे. ती राहू दे बाजूला. काय होतं ते सांगतो.

आमचे आप्पा जुन्नरकडचे. घाट उतरून कल्याणला आले आणि रेल्वेच्या लोकोशेडात खलाशी म्हणून लागले. दीक्षा त्यांनी गावात असतानाच घेतलेली. घरातले देव ओढ्यात सोडले, आजी दोन दिवस जेवली नाही म्हणतात. मला शाळेत घालायला नेलं तेव्हा क्लार्कनं विचारलं आणि आप्पा ताठ उभं राहून म्हणाले, “बौद्ध.” क्लार्क माणूस वाईट नव्हता. पेन उचलून म्हणाला, “बौद्ध लिहितो, पण पोराला पुढं सेंट्रलची नोकरी लागताना अडेल. बघा.”

हे आप्पांना सांगायची गरजच नव्हती. ते स्वतः सेंट्रलचे नोकर. कायदा असा होता – १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलेलं की हिंदूखेरीज दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. १९५६ साली त्यात शीख घातले. बौद्ध घातले ते १९९० साली. म्हणजे नागपूरला बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा दिली, आणि दिल्लीला बौद्ध माणूस दिसायला चौतीस वर्षं लागली. महाराष्ट्र सरकारनं आपल्या अखत्यारीत नवबौद्धांना सवलती आधीच दिल्या होत्या, पण रेल्वे काही महाराष्ट्र सरकारची नव्हे. म्हणून लोकोशेडातल्या कागदावर आप्पा ‘हिंदू महार’ आणि घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. एकाच माणसाच्या दोन हजेऱ्या. क्लार्कच्या टेबलापुढं आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिव्हा काय लिव्हायचं ते.” माझ्या दाखल्यावर अजून ‘हिंदू महार’ आहे.

हायस्कुलात आलो. इतिहासाचे मास्तर झकास शिकवायचे. त्यांच्यामुळंच मला ह्या विषयाचा नाद लागला. शिवाजी महाराज आले की ते म्हणायचे ‘आपले महाराज’. टिळक ‘आपले टिळक’. पानिपत आलं की ‘आपण हरलो’, आणि खरंच त्यांचा आवाज बसायचा. मग एक दिवस महाडचा परिच्छेद आला. मास्तर म्हणाले, “आता ह्यांचे बाबासाहेब.” आणि खडूचा हात आमच्या बाकाकडं. चाळीस मुंडकी वळली.

खरं सांगायचं तर तेव्हा अपमान वाटला नाही. उलट छाती फुगली, की आपला पण माणूस पुस्तकात आहे. घरी जाऊन सांगितलं. आप्पा जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, “आन तळं कुणाचं हुतं?”

हा सवाल मी आज मास्तर होऊन वर्गाला घालतो. तळं कुणाचं होतं? सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी आणला. महाडच्या म्युनिसिपालटीनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं जाऊन ते पाणी प्याली. मग खटला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल. तळं गावचं, ठराव कौन्सिलचा, निकाल हायकोर्टाचा. ह्यात ‘ह्यांचे’ काय? गावानं स्वतःचा कायदा मोडला होता, तो ह्या माणसांनी पाळून दाखवला. हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर पाहिजे. तो इतिहासात आहे, एका कोपऱ्यात, ‘दलितांसाठीचं कार्य’ ह्या मथळ्याच्या सावलीत. आणि नागरिकशास्त्रात मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून जे डॉक्टर आंबेडकर येतात, त्यांचा ह्या तळ्याशी काही संबंध आहे असं पोरांना कळतच नाही. एकच माणूस दोन पुस्तकांत दोन जागी. आमच्या आप्पांसारखाच.

आता वर्गात ‘ह्यांचे’ कोणी म्हणत नाही. सुधारणा झाली. आता नुसतं म्हणतात, “मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी उभं राहा, शिष्यवृत्तीचे कागद आणायचेत.” फॉर्म ऑनलाइन झाले तरी उभं राहणं आहेच. पुस्तकंही सुधारली. २०१८ साली दहावीला इतिहासाचं जे पुस्तक आलं, त्यात इतिहास कसा लिहितात ह्याच्यावर धडा आहे आणि वंचितांच्या इतिहासाचा, महात्मा फुल्यांचा, बाबासाहेबांचा उल्लेख आहे. पोरं ते टीप म्हणून पाठ करतात. वंचित कोण, विचारलं तर म्हणतात, “सर, पुस्तकात आहेत ते.”

म्हणून मी पुस्तक मिटवलं आणि नववी ‘ब’ला मुक्ता साळवे वाचायला दिली.

मुक्ता मांगाची पोरगी. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. तिनं शाळेत निबंध लिहिला मांग-महारांच्या दुःखावर, आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ ह्या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापून आला. नववीतल्या पोरीचं वय आणि शाळेतला निबंध, हे ध्यानात घ्या. ती सरळ विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच, आम्हाला ते बघायचीही बंदी, तर आमचा धर्म कोणता ते तरी सांगा. पेशवाईत आपल्या लोकांचं काय झालं ते लिहिते. बायका उघड्यावर बाळंत होतात ते लिहिते. कुठं रडगाणं नाही, सरळ जाब आहे. क्लार्क अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता, त्याच्या आधी तिनं आपला रकाना स्वतःच्या हातानं भरला.

त्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे. ती म्हणते की महारांनीही वरच्यांचा थोडा गुण उचललाय, ते स्वतःला मांगापेक्षा श्रेष्ठ समजतात. आपल्या मेळाव्यांतून मुक्ताचं नाव घेतात, तिची ही ओळ मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. वर्गात ती वाचली गेली तेव्हा आपल्याच वस्तीतली दोन पोरं एकमेकांकडं बघून हसली. त्यांच्या पुढच्या बाकावर मातंग समाजाचं पोरगं बसतं. वस्तीत एकाच नळावर पाणी भरतात, रांग मात्र वेगळी. ते पोरगं मागं वळून म्हणालं, “हस ना. तुझ्या आजीनंच माझ्या आईचा हंडा बाजूला केला होता.” वर्ग गार. मी काही बोललो नाही. हसणारं पोरगं तास संपेपर्यंत पुस्तकात तोंड घालून बसलं होतं. माझ्या मते त्या पस्तीस मिनिटांत ते जेवढं शिकलं तेवढं आपल्या दहा शिबिरांत शिकलं नसतं.

मग मी वर्गाला काम दिलं. अर्धं पान. मी कोण? रजिस्टरात काय आहे ते लिहायचं नाही. तुम्हाला कोण काय म्हणतं, तुम्हाला काय म्हटलेलं चालतं, तुमचं घर कुठनं इथं आलं, हे लिहायचं. मुक्तानं लिहिलं तसं.

वह्या घरी आणून वाचायला बसलो. आगऱ्याच्या पोरानं लिहिलं होतं, आमची भाताची जमीन होती तिथं आता टॉवर आहे, आजोबा संध्याकाळी त्याच टॉवरच्या फाटकासमोर जाऊन बसतात, वॉचमन त्यांना उठवतो. आणि आम्ही इथलेच, तरी डोंबिवलीची पोरं मला विचारतात तू असा काय बोलतोस. कोकणी मुसलमानाच्या पोरीनं लिहिलं होतं, सगळ्या बाई मला म्हणतात तू मराठी किती छान बोलतेस. माझी आजीपण मराठीच बोलते, तिला कोणी सांगितलं नाही की छान बोलते. एका ब्राह्मण पोरानं लिहिलं, आमच्या घरी जात मानत नाहीत त्यामुळं मला माझ्या जातीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्यानं खोटं लिहिलेलं नव्हतं. त्याला खरंच कधी कोणी विचारलं नव्हतं. ह्या एका वाक्यावर वर्गात दोन तास चर्चा झाली आणि त्यातली निम्मी त्याच पोरानं केली, हेही सांगितलं पाहिजे.

कातकऱ्याचं एक पोरगं आहे. दिवाळीनंतर त्याचे आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरगंही जातं, हजेरीपत्रकात तेवढे महिने लाल रेघ. त्याच्या वहीत तीनच ओळी. नाव. पाडा. आणि ‘मला मास्तर गैरहजर म्हणतात.’

आणि एक वही डोंबिवलीच्या मुलीची. हुशार मुलगी, आडनावावरून काही कळत नाही असं आडनाव. मला माहीत नव्हतं. तिनं लिहिलं होतं की आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. पाहुणे आले की मम्मी कपाट बंद करते. सहा डिसेंबरला पप्पा कपाट उघडून मेणबत्ती लावतात आणि आम्ही हळू आवाजात वंदना म्हणतो, कारण बाजूच्या ब्लॉकमध्ये ऐकू जातं. शेवटी लिहिलं होतं – मी कोण, ते कपाट उघडं आहे का बंद ह्याच्यावर आहे.

बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आलं. त्यातला माणूस परक्या गावी जात चोरतो आणि मार खातो. साठ वर्षं झाली. आता मार खावा लागत नाही, ब्लॉक घेता येतो, हप्ते फेडता येतात. चोरी मात्र चालू. आपल्यातले काही गरम डोक्याचे मित्र अशा लोकांना ‘दलित ब्राह्मण’ म्हणून मोकळे होतात. मला ते सोपं वाटतं. सहाव्या मजल्यावर एकटं राहणाऱ्याला वस्तीतनं दगड मारणं सोपंच असतं.

चार दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, बँकेची बॅग. स्टाफरूममध्ये बसायला तयार नाहीत, व्हरांड्यात उभे. म्हणाले, “सर, तेवढं पान फाडून द्या.” मी म्हटलं, का? म्हणाले, “वह्या तपासायला दुसरे कोणी घेतात. सोसायटीतल्या तिघांची मुलं ह्याच शाळेत आहेत. सर, तुम्हाला काय, तुम्ही उघड आहात. मला अजून तिचं लग्न करायचंय.” नववीतल्या पोरीच्या लग्नाची काळजी! पण मला हसू आलं नाही. त्यांच्या बोलण्यात भाड्याची घरं शोधत फिरल्याची सगळी वर्षं होती. आडनाव विचारणारे मालक, ‘आम्ही व्हेजिटेरियन लोकांनाच देतो’ म्हणणारे मालक.

मी म्हटलं, “दादा, पान तिचं आहे. मी फाडू शकत नाही. तुम्ही तिला विचारा. ती म्हणाली तर तिच्या हातानं फाडेल.” ते बराच वेळ मैदानाकडं बघत राहिले. जाताना, आजूबाजूला कोणी नाही बघून, हळूच म्हणाले, “जयभीम सर.” मी जरा मोठ्यानं म्हटलं, “जयभीम.” वही त्या दिवशी मुलीला परत केली. पानाचं पुढं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

स्टाफरूममध्ये गाजलंच. एक बाई म्हणाल्या, “मुलांच्या डोक्यात कशाला जात घालता सर? मुलं निरागस असतात.” मी म्हटलं, “बाई, जनरल रजिस्टर आणू का?” हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की पोर्शन पूर्ण करा, बाकीचे उपक्रम वरिष्ठांना विचारून. शाळेत रोज संविधानाची उद्देशिका वाचायची असं सरकारनं २०२० साली काढलेलं आहे. तिच्यात दर्जाची समानता आहे, व्यक्तीची प्रतिष्ठा आहे. ती सकाळी आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, आणि मग वर्गात जाऊन कागदपत्रांसाठी पोरांना उभं करतो.

आता कल्याणचं. आमच्या पोरांना कल्याणचा इतिहास विचारा, दुर्गाडी सांगतील. सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगतील. फार तर आनंदीबाई जोशी इथल्या ते सांगतील. त्याच्या आधी इथं खाडी आणि चिखल होता अशी समजूत. आणि हे कल्याण तर सातवाहनांच्या काळातलं नांदतं बंदर. इथला माल नाणेघाटानं वर जुन्नरला जायचा. आप्पा ज्या मुलखातनं पोट भरायला खाली उतरले, त्याच मुलखाशी इथल्या माणसांचं दोन हजार वर्षांपूर्वी येणंजाणं होतं. आणि ती माणसं नुसती जात नव्हती, तिथं काही ठेवून येत होती. जुन्नरच्या लेण्यात कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिल्याचा लेख आहे. कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत, तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणचं नाव पुन्हा पुन्हा येतं. व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, घरच्या बायका आहेत. आणि एक लोहार आहे. नंद. कल्याणचा लोहार नंद, त्यानं दिलेली वाट. बस, एवढाच लेख. राजाचं नाव नाही, स्तुती नाही. नाव, गाव, काम, दिलं काय.

नववी ‘ब’मधली सतरा पोरं घेऊन मी कान्हेरीला गेलो. शाळेची सहल नव्हे, रविवारी, आपल्या आपण, पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन. लेखांची वाचनं छापून आलेली आहेत, ती वहीत उतरून नेली होती. एका लेण्याच्या ओसरीत बसून वाचून दाखवली. मातंगाचं पोरगं म्हणालं, “सर, लोहार म्हणजे जातच ना?” मला हाच प्रश्न पाहिजे होता. नंद लोहाराचं काम करायचा आणि भिक्खूंसाठी वाट बांधून देऊ शकत होता, आपलं नाव दगडावर घालू शकत होता. काम होतं, पण कामानं हात बांधलेले नव्हते. पुढं काय झालं की कामाची भिंत झाली, हे शोधायचंय. बाबासाहेबांनी १९३६ साली हेच मांडलं की जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. पोरांनी त्यावर वाद घातला. एक म्हणालं, लोहाराला वाट देता आली, मग झाडणाऱ्याला देता आली असती का? त्याचं नाव कुठं आहे? मी म्हटलं, नाही दिसत. आपल्याला शोधावं लागेल.

वस्तीतल्या दुसऱ्या पोरानं विचारलं, “म्हणजे नंद आपला का सर?” हो म्हणायचा मोह होतो. भाषणात म्हटलं तर टाळ्याही मिळतील. मी नाही म्हटलं. नंद आपला पूर्वज होता ह्याला पुरावा नाही. सवर्णांची पुराणं आपण फाडायची आणि स्वतः नवीन पुराण रचायचं, हे मला जमणार नाही. नंद कल्याणचा होता. आपण कल्याणचे आहोत. आगऱ्याचं पोरगं, ती मुसलमानाची पोरगी, सगळेच. एवढं पुरे आहे.

मग वह्या काढल्या. नंदासारखं लिहायचं: नाव, गाव, काम, दिलं काय. जात नाही. बहुतेक पोरं ‘दिलं’शी अडली. आम्ही कुठं काय दिलंय अजून, म्हणाली. मग घरच्यांचं लिहा, म्हटलं. गँगमन, धुणीभांडी, रिक्षा, मच्छी. कातकऱ्याच्या पोरानं ‘दिलं’पुढं लिहिलं – ‘विटा’. बाजूच्यानं विचारलं, कुठं दिल्या? त्यानं खालच्या बाजूला, ठाण्याकडं, हात केला. डोंगरावरनं दिसतील तेवढ्या इमारती होत्या.

डोंबिवलीची मुलगीही आली होती. चिठ्ठीवर वडिलांची सही होती. तिनं वहीत काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, मैत्रिणीला दाखवलं.

ह्या वर्षी शाळेची सहल वॉटर पार्कला ठरली आहे. मी पुन्हा नववी घेऊन पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कान्हेरीला जाणार आहे. मला पोरांबरोबर चालणारी चार-पाच तरुण माणसं पाहिजेत. भाषण करणारी नकोत. कल्याण स्टेशनला पश्चिमेच्या तिकीटखिडकीपाशी सकाळी साडेसहाला या. दादरला गाडी बदलून बोरिवली. डबा, पाण्याची बाटली आणि एक कोरी वही आणा.